सॉफ्टवेअरमध्ये डिजिटल टीव्हीचा सिग्नल लॉक करायचा तर: सिम्बॉल टायमिंग आणि सिंक, पायरीपायरीने

डिजिटल टीव्हीचा रिसीव्हर स्वतः लिहायला घेणारा नवखा माणूस बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतो. फाईल रेकॉर्ड झालेली असते, स्पेक्ट्रममध्ये सिग्नलचा उंचवटा स्वच्छ दिसत असतो, पण कॉन्स्टेलेशन (सिम्बॉलांचा, म्हणजे डेटा वाहणाऱ्या एकेका खुणेचा, ठिपक्यांनी काढलेला आलेख) उघडावं तर चार ठिपक्यांच्या जागी गोल ढग. मग अँटेना, केबल, गेन अशा सगळ्यांवर संशय घेऊन होतो. खरा घोळ बहुधा टायमिंगच्या लूपमध्ये असतो, म्हणजे सिम्बॉलचा क्षण चुकला किती ते मोजून स्वतःला सतत दुरुस्त करणाऱ्या चक्रात. तो सापडत नाही, कारण चार लूप एकदम सुरू करून शेवटी चित्र येतंय का एवढंच पाहिलेलं असतं. चित्र नाही आलं, तर दोष कुठला हे ठरवायला हातात काहीच राहत नाही.

म्हणून या लेखात एक शिस्त पाळली आहे: प्रत्येक लॉकला, म्हणजे सिग्नलशी पक्कं जुळण्याला, त्याचा स्वतःचा साक्षीदार. टायमिंग बसलं की नाही हे टायमिंगच्याच मापावरून कळायला हवं, कॅरिअरच्या (डेटा वाहणाऱ्या मूळ लहरीच्या) किंवा चित्राच्या भरवशावर नाही. मागच्या पायरीचा साक्षीदार उभा राहिला नाही, तर पुढची पायरी सुरू करायची नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण दुसरा जवळचा रस्ता मला तरी माहीत नाही.

उदाहरण म्हणून डीव्हीबी-एस घेऊ, म्हणजे उपग्रहावरून येणाऱ्या डिजिटल टीव्हीची डीव्हीबी मानकांतली पहिली पद्धत. तिचं मॉड्युलेशन क्यूपीएसके (दर सिम्बॉलला चारपैकी एक कोन), फिल्टरचा रोल-ऑफ (सिग्नलच्या कडा किती पसरट उतरतात त्याचं माप) ०.३५ आणि सिंकची, म्हणजे पॅकेटची सुरुवात ओळखण्याची, रचना अगदी साधी. शिकायला इतकी सोयीची दुसरी पद्धत नाही. एटीएससी (अमेरिकेतलं टीव्ही मानक), डीव्हीबी-एस२ (डीव्हीबी-एसची पुढची आवृत्ती) आणि डीव्हीबी-टीमध्ये (जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून येणारा टीव्ही) काय बदलतं ते शेवटी पाहू.

पायरी १: आधी खोटा सिग्नल

उपग्रहावरच्या नेहमीच्या चॅनलचा सिम्बॉल रेट २७.५ मेगासिम्बॉल असला, तर ०.३५ रोल-ऑफ धरून त्याला साधारण ३७ मेगाहर्ट्झ रुंदी लागते. आरटीएल२८३२यू चिपचा स्वस्त डोंगल सॅम्पल न गाळता सेकंदाला २४ लाखांच्या आसपास सॅम्पल देतो, तेही ८ बिटांचे. म्हणजे तो चॅनल त्यात मावणारच नाही. सेकंदाला १० लाख सिम्बॉलचा छोटा सिग्नल मात्र १.३५ मेगाहर्ट्झमध्ये आरामात बसतो. या लेखातले आकडे त्याच हिशोबाने आहेत: १० लाख सिम्बॉल, २४ लाख सॅम्पल, म्हणजे दर सिम्बॉलला २.४ सॅम्पल.

पण पहिल्याच दिवशी खरा सिग्नल घेऊ नका. यादृच्छिक क्यूपीएसके सिम्बॉल तयार करा, त्यांना ०.३५ चा रूट रेझ्ड कोसाइन फिल्टर लावा आणि दर सिम्बॉलला २.४ ऐवजी २.४०००४८ सॅम्पल येतील असं रिसॅम्पल करा. हा २० पीपीएमचा फरक, म्हणजे दहा लाखात वीस. दोन साध्या क्रिस्टलमध्ये इतका फरक सहज असतो. दिसायला किरकोळ वाटतो, पण १० लाख सिम्बॉलच्या सिग्नलमध्ये तो सेकंदाला २० सिम्बॉल होतो. सुरुवातीला तुम्ही सिम्बॉलच्या बरोबर मध्यावर असलात, तरी २५ मिलिसेकंदांत अर्धा सिम्बॉल सरकून दोन सिम्बॉलच्या मधोमध येता. टायमिंग एकदा शोधून भागत नाही, ते सतत पाळावं लागतं, ते यामुळेच.

खोट्या सिग्नलचा मोठा फायदा म्हणजे खरं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक असतं. लूपने २० पीपीएम सांगितले तर तो बरोबर. त्याने १७० सांगितले, तर अँटेनाला बोल लावायची सोयच उरत नाही.

पायरी २: साखळीचा क्रम

डीसी काढणे, एजीसी (सिग्नलची पातळी आपोआप एकसारखी ठेवणे), फ्रिक्वेन्सीची ढोबळ दुरुस्ती, मॅच्ड फिल्टर (पाठवताना लावला तोच फिल्टर पुन्हा), टायमिंग, कॅरिअरची फेज, व्हिटर्बी (बिटांच्या चुका दुरुस्त करणारा डीकोडर), बाइट सिंक, डीइंटरलीव्हर (पाठवताना विखुरलेले बाइट परत जागेवर आणणारा), रीड-सॉलोमन (बाइटांच्या चुका दुरुस्त करणारा कोड), डीस्क्रॅम्बलर (पाठवताना यादृच्छिक केलेले बिट मूळ रूपात आणणारा). क्रम हाच ठेवा.

यात दोन गोष्टी नव्या माणसाला खटकतात. पहिली, टायमिंग कॅरिअरच्या आधी कसं? कारण टायमिंगची चूक मोजायला आपण जो डिटेक्टर वापरणार आहोत त्याला फेजचं सोयरसुतक नाही. कॉन्स्टेलेशन गरगर फिरत असलं तरी तो आपलं काम करतो. दुसरी गोष्ट एजीसीची. टायमिंग डिटेक्टरचं उत्तर सिग्नलच्या वर्गावर अवलंबून असतं. अॅम्प्लिट्यूड दुप्पट झालं की लूपचा गेन चौपट होतो. एजीसी नसेल, तर एका रेकॉर्डिंगवर जमवलेले गुणांक दुसऱ्या रेकॉर्डिंगवर कामाचे राहत नाहीत, आणि माणूस विनाकारण आकडे फिरवत बसतो.

पायरी ३: मधलं सॅम्पल तयार करणे

सिम्बॉलच्या बरोबर मध्यावर सॅम्पल पडलेलं असेलच असं नाही, २.४ च्या हिशोबात तर बहुतेक वेळा नसतंच. हार्डवेअरच्या जुन्या रिसीव्हरमध्ये एडीसीचं (सिग्नलचे सॅम्पल घेणाऱ्या भागाचं) घड्याळच मागेपुढे सरकवत असत. सॉफ्टवेअरमध्ये सॅम्पल येऊन पडलेले असतात, घड्याळ हातात नसतं. तेव्हा हवी ती वेळ ठरवून त्या वेळची किंमत आजूबाजूच्या सॅम्पलवरून काढायची. हेच इंटरपोलेशन.

शिकण्यासाठी चार सॅम्पलांवरचं क्युबिक इंटरपोलेशन पुरेसं आहे: हव्या वेळेआधीचे दोन सॅम्पल, नंतरचे दोन आणि मधला अपूर्णांक. ग्नू रेडिओ या सॉफ्टवेअर रेडिओच्या मुक्त साधनसंचात यासाठी ८ टॅपचे आणि १२८ पायऱ्यांचे तयार फिल्टर ठेवलेले आहेत, ते अधिक अचूक आहेत. पण पहिल्यांदा स्वतः लिहा. आत काय चाललंय ते समजल्यावर तयार ब्लॉक वापरायला कुणाची हरकत नाही.

इथे दोन खड्डे आहेत. दोन्हींची लक्षणं नॉईजसारखी दिसतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिला खड्डा, वेळ मोजण्याचा. ‘आत्तापर्यंतचे एकूण सॅम्पल’ असा एकच आकडा सिंगल प्रिसिजन फ्लोटमध्ये वाढवत नेला, तर त्यात महत्त्वाचे बिट २४ च असतात. २४ लाख सॅम्पलांपाशी, म्हणजे पहिला सेकंद संपेपर्यंत, त्या आकड्याची बारकाई पाव सॅम्पलवर येते. ८३,८८,६०८ सॅम्पलांच्या पुढे, म्हणजे साडेतीन सेकंदांनी, पूर्ण एका सॅम्पलच्या खालचं त्यात काही उरतच नाही. परिणाम असा की रिसीव्हर सुरुवातीला छान चालतो, मग ठिपके हळूहळू पसरतात आणि दर वेळी त्याच सुमारास सगळं कोसळतं. उपाय सोपा आहे. पूर्णांक सॅम्पल क्रमांक वेगळा ठेवा, अपूर्णांक वेगळा. अपूर्णांक एकच्या वर गेला की त्यातला पूर्णांक भाग क्रमांकात टाका.

दुसरा खड्डा बफरच्या सांध्याचा. डेटा तुकड्यातुकड्यांनी येतो आणि क्युबिकला मागचे-पुढचे सॅम्पल लागतात. मागच्या तुकड्यातले शेवटचे तीन सॅम्पल पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला जोडले नाहीत, तर प्रत्येक सांध्यावर एक-दोन चुकीचे सिम्बॉल निघतात. तपासायची युक्ती: तीच फाईल एकदा ४,०९६ च्या तुकड्यांत आणि एकदा १,००० च्या तुकड्यांत चालवा. दोन्ही वेळचे सिम्बॉल तंतोतंत जुळायला हवेत. जुळले नाहीत तर इथेच थांबा.

पायरी ४: चूक किती, ते मोजणे

आता या प्रकरणाचा गाभा. फ्लॉइड गार्डनर यांनी १९८६ मध्ये मांडलेला डिटेक्टर इथे वापरू. त्याला दर सिम्बॉलला दोन किंमती लागतात: एक सिम्बॉलच्या क्षणाची, एक दोन सिम्बॉलच्या मधल्या क्षणाची. २.४ सॅम्पलांचा सिम्बॉल असेल तर इंटरपोलेटरने दर १.२ सॅम्पलांनी एक किंमत द्यायची. सूत्र असं:

चूक = मधली किंमत × (नवा सिम्बॉल − जुना सिम्बॉल)

हे आय आणि क्यू या सिग्नलच्या दोन काटकोनी घटकांसाठी वेगवेगळं काढून बेरीज करायची.

आकडे घालून पाहू. जुना सिम्बॉल +१, नवा −१. वेळ बरोबर असेल तर मधली किंमत शून्याच्या आसपास असते, कारण वर असलेला सिग्नल खाली येताना बरोबर मध्यावर शून्य ओलांडतो. आता समजा आपण थोडे उशिरा सॅम्पल घेतोय. मधला क्षण शून्य ओलांडून गेल्यावर येतो आणि किंमत मिळते −०.२. नव्यातून जुना वजा केला की −२. गुणाकार +०.४. आता उलट बाजू: जुना −१, नवा +१. उशीर तेवढाच, तर मधली किंमत +०.२, फरक +२, गुणाकार पुन्हा +०.४. सिग्नल चढता असो की उतरता, उशिराचं चिन्ह धनच येतं. दोन सिम्बॉल सारखे असतील तर फरक शून्य, म्हणजे ते सिम्बॉल मतच देत नाहीत. मतदान होतं ते फक्त बदलांवर.

याचा अर्थ, धन चूक आली तर पुढची पायरी थोडी आखूड करायची. हे चिन्ह उलटं पडलं तर काय होतं हे मुद्दाम करून पाहण्यासारखं आहे. लूप भरकटत नाही. तो शांतपणे, ठामपणे लॉक होतो, फक्त अर्धा सिम्बॉल सरकून, दोन सिम्बॉलच्या मधोमध. मोजलेली चूक शून्याजवळ, इंटिग्रेटर (चुकांची साठवण, पुढच्या पायरीत येते) स्थिर, सगळं आलबेल, आणि कॉन्स्टेलेशनमध्ये चारऐवजी नऊ पुंजके आणि त्यांच्यामध्ये पसरलेला धुरळा. फक्त ‘चूक शून्य आली’ हा साक्षीदार का चालत नाही, ते यावरून कळावं.

लूप जोडायच्या आधी आणखी एक मोजमाप घ्या. लूप तोडलेला ठेवा, खोट्या सिग्नलमधला घड्याळाचा फरक शून्य करा आणि टायमिंग मुद्दाम −०.५ सिम्बॉलपासून +०.५ पर्यंत थोडं थोडं सरकवा. प्रत्येक ठिकाणी काही हजार सिम्बॉलांची सरासरी चूक काढून आलेख रेखाटा. त्याला एस-वक्र म्हणतात. तो साइन लाटेसारखा दिसायला हवा. शून्यापाशी त्याचा जो उतार असेल तोच डिटेक्टरचा गेन. पुस्तकातला गेन घेऊ नका, तुमच्याच कोडमधला मोजा. तुमचा एजीसी, तुमचा फिल्टर, तुमची मापनाची एककं, सगळं त्यात आपोआप येतं.

पायरी ५: लूप बंद करणे

डिटेक्टरचं एकेक उत्तर फारच नाचरं असतं. त्यावर थेट विश्वास ठेवायचा नाही. त्यातला थोडा भाग लगेच वापरायचा आणि अगदी थोडा भाग साठवत न्यायचा. साठवलेला भाग, म्हणजे इंटिग्रेटर, घड्याळांमधला कायमचा फरक सांभाळतो. लगेच वापरलेला भाग फेजची चूक मिटवतो.

दोन गुणांक लागतात. लूपची रुंदी सिम्बॉल रेटच्या ०.०१ पट आणि डॅम्पिंग (लूप न झोके घेता किती लवकर शांत होतो त्याचं माप) ०.७०७ धरलं, तर पहिला गुणांक ०.०२६३ आणि दुसरा ०.०००३५ येतो. दोन्हींना मोजलेल्या गेनने भागायचं, म्हणजे चूक सिम्बॉलच्या अपूर्णांकात येते. पायरीची लांबी आपण सॅम्पलांत मोजतोय, म्हणून लूपच्या उत्तराला २.४ ने गुणायचं. हा एककांचा गुणाकार विसरला जातो आणि मग ‘सूत्र चुकीचं आहे’ अशी ओरड होते. सूत्र बिचारं बरोबर असतं.

सुरुवातीला ०.०१ रुंदी चांगली, लॉक काही शे सिम्बॉलांतच लागतो. नंतर रुंदी ०.००१ वर आणा. तेव्हाचे गुणांक साधारण ०.००२६६ आणि ०.०००००३५५. रुंदी एक दशांश केली की टायमिंगची थरथर जवळपास एक तृतीयांश होते, कारण ती रुंदीच्या वर्गमुळाप्रमाणे कमी होते. फार अरुंद करण्याचा मोह टाळा. तापमानाबरोबर क्रिस्टल सरकतं, आणि अतिअरुंद लूप त्याच्यामागे धावू शकत नाही.

इंटिग्रेटरला कुंपण घाला. ±२०० पीपीएमच्या पलीकडे जाऊ देऊ नका. सिग्नल नसताना नॉईजवर चालणारा लूप इंटिग्रेटर कुठल्या कुठे नेऊन ठेवतो, आणि सिग्नल परत आल्यावर तो तिथून यायला फार वेळ घेतो.

आता साक्षीदार. दोन हवेत.

पहिला, इंटिग्रेटरची किंमत. खोट्या सिग्नलवर तुम्ही २० पीपीएम घातले होते, म्हणजे पायरी २.४०००४८ वर स्थिरावली पाहिजे. खऱ्या सिग्नलवर ती कुठेही स्थिरावो, पण स्थिरावली पाहिजे. सतत एका बाजूला सरकत राहणं किंवा कुंपणाला टेकून बसणं म्हणजे लॉक नाही.

दुसरा साक्षीदार माझ्या मते सगळ्यात कामाचा आहे आणि तरी फारसा वापरला जात नाही. सिम्बॉलच्या क्षणांची सरासरी पॉवर काढा, मधल्या क्षणांची सरासरी पॉवर काढा आणि मधलीला पहिलीने भागा. मॅच्ड फिल्टरनंतर, नॉईज नसताना, हे गुणोत्तर ‘१ उणे रोल-ऑफचा अर्धा’ येतं. ०.३५ साठी ०.८२५. लूप अर्धा सिम्बॉल सरकून बसला असेल तर तेच उलटं होऊन १.२१ दिसतं. लॉकच नसेल तर १ च्या आसपास रेंगाळतं. नॉईज असला की गुणोत्तर थोडं १ कडे ओढलं जातं. सिग्नल नॉईजपेक्षा १० डीबी वर असेल तर ०.८४ च्या जवळपास. कॅरिअर लॉक असण्या-नसण्याशी त्याचा काही संबंध नाही. शंभर वेळा कॉन्स्टेलेशनकडे डोळे लावून बसण्यापेक्षा हा एक आकडा स्क्रीनवर ठेवा.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट उलगडते. रोल-ऑफ ०.२० असेल तर गुणोत्तर ०.९०, आणि ०.११५२ असेल तर ०.९४. रोल-ऑफ जितका कमी, तितकी टायमिंगची खूण फिकट. बँडविड्थ वाचवली की त्याची किंमत रिसीव्हरचा टायमिंग लूप चुकवतो.

पायरी ६: कॅरिअर, थोडक्यात

टायमिंग बसल्यावर दर सिम्बॉलला एकच किंमत पुढे जाते आणि कॅरिअरची फेज धरणारा क्यूपीएसकेचा कोस्टास लूप तिच्यावर चालतो. त्याचं गणित टायमिंगच्या लूपसारखंच, म्हणून वेगळं सांगत नाही. दोन धोके मात्र लक्षात ठेवा.

एक, फ्रिक्वेन्सी सिम्बॉल रेटच्या पाव पटीने चुकलेली असेल, आपल्या उदाहरणात २५० किलोहर्ट्झने, तर प्रत्येक सिम्बॉलला फेज बरोबर ९० अंशांनी फिरते आणि कॉन्स्टेलेशनमध्ये चार ठिपकेच दिसतात. लॉक खोटा असतो. मॅच्ड फिल्टर मध्यापासून सरकलेला असल्याने ठिपके जरा जाड दिसतात इतकंच. ढोबळ दुरुस्ती आधी करून घ्यायची ती यासाठीच.

दोन, लॉक खरा असला तरी तो चारपैकी कुठल्या कोनात बसला हे कोस्टासला कळत नाही. ते पुढच्या दोन पायऱ्यांना ठरवू द्या.

पायरी ७: व्हिटर्बीला साक्षीला बोलावणे

डीव्हीबी-एसचा आतला कोड १/२ दराचा (माहितीच्या एका बिटाचे दोन बिट), बहुपदी ऑक्टलमध्ये १७१ आणि १३३. व्हिटर्बीचं उत्तर पुन्हा एन्कोड करून आत आलेल्या बिटांशी ताडून पाहा. कोन बरोबर असेल तर तफावत थोडी असते, ९० अंशांनी चुकला असेल तर एकदम उडी मारते. म्हणून फक्त दोन कोन करून पाहायचे, ० आणि ९०. १८० अंशांचा फरक या कोडला दिसतच नाही. सगळे बिट उलटे होऊन बाहेर पडतात, तफावत मात्र कमीच राहते. ३/४ किंवा ७/८ सारख्या दरांत पंक्चरिंग (काही बिट मुद्दाम गाळणे) असतं, तिथे कोनाबरोबर पंक्चरिंगची जागाही शोधावी लागते. सुरुवात १/२ नेच करा.

पायरी ८: बाइट सिंक

व्हिटर्बीतून आता बिटांची धार येते. पॅकेट कुठे सुरू होतं? डीव्हीबी-एसमध्ये पॅकेट २०४ बाइटचं: १८८ बाइट मूळ ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचे (चित्र-आवाजाच्या पॅकेटांच्या धारेचे), १६ रीड-सॉलोमनचे. पहिला बाइट हेक्समध्ये ४७. दर आठव्या पॅकेटचा हा बाइट उलटा केलेला असतो, म्हणजे बी८. डीस्क्रॅम्बलर तिथूनच नव्याने सुरू होतो.

इंटरलीव्हर अजून सोडवलेला नसताना हा बाइट जागेवर कसा सापडतो, हा प्रश्न पडायलाच हवा. इंटरलीव्हरला १२ फांद्या आहेत आणि १२ गुणिले १७ म्हणजे बरोबर २०४. त्यामुळे सिंक बाइट नेहमी शून्याव्या फांदीत पडतो, आणि त्या फांदीला विलंबच नाही. ही रचना मुद्दाम केलेली आहे, आणि ती पाहिली की मानक लिहिणाऱ्यांबद्दल आदर वाटतो.

एका पॅकेटमध्ये १,६३२ बिट, म्हणजे शोधायच्या जागा तितक्या. एखाद्या जागी योगायोगाने ४७ दिसण्याची शक्यता २५६ त एक, तेव्हा एकदा दिसलं म्हणून हुरळून जायचं नाही. सलग तीन पॅकेटांत त्याच जागी दिसणं १ कोटी ६७ लाखांत एक, आणि सगळ्या १,६३२ जागा धरल्या तरी खोटा होकार मिळण्याची शक्यता दहा हजारांत एकच्या आसपास. मी सलग पाच मागतो. उशीर नगण्य आहे, झोप शांत लागते.

लॉक सोडण्याचा नियम वेगळा ठेवा. एक सिंक बाइट बिघडला म्हणून लॉक सोडायचा नाही. सलग काही पॅकेटं चुकली तरच पुन्हा शोध सुरू करायचा. रीड-सॉलोमन पॅकेटमागे ८ बाइटपर्यंत चुका दुरुस्त करतो, आणि सिंक बाइटही त्यातलाच एक.

आता १८० अंशांचा प्रश्न इथे सुटतो. सात वेळा ४७ आणि एकदा बी८ दिसलं तर सगळं सरळ. सात वेळा बी८ आणि एकदा ४७ दिसलं तर सगळे बिट उलटे करा. झालं.

एक नोंद मात्र नक्की ठेवा: लॉक सुटून पुन्हा लागला की नवी जागा जुन्या जागेपासून किती बिट सरकली. १/२ दरात एका सिम्बॉलमागे एकच माहितीचा बिट असतो. जागा बरोबर एका बिटाने सरकली असेल, तर टायमिंगच्या लूपने एक सिम्बॉल गिळला किंवा जास्तीचा काढला. लूपची रुंदी किंवा गेन तपासा. जागा शेकडो बिटांनी, कशीही सरकली असेल, तर यूएसबीवरून येताना सॅम्पलांचा एखादा तुकडाच गळाला आहे, आणि लूपला दोष देण्यात अर्थ नाही. ही एक ओळ लॉगमध्ये असली की पुष्कळ वादावादी वाचते.

पायरी ९: मुद्दाम त्रास देणे

सगळं चालू लागलं की खोट्या सिग्नलला छळा. फरक १०० पीपीएम करा. नॉईज हळूहळू वाढवत न्या आणि गुणोत्तराचा साक्षीदार व बाइट सिंक यांपैकी आधी कोण कोसळतं ते पाहा. बाइट सिंक आधी गेला पाहिजे. टायमिंग आधी गेलं तर लूप फार रुंद आहे. फाईलच्या मधून ५०० सॅम्पल कापून टाका आणि पुन्हा लॉक लागायला किती सिम्बॉल गेले ते मोजा. अरुंद लूपवर चालताना गुणोत्तर १ कडे गेलं की आपोआप रुंद लूपवर परतायची सोय नसेल, तर ती आत्ता घाला.

दुसऱ्या पद्धतींकडे जाताना

डीव्हीबी-एस२ मध्ये रोल-ऑफ ०.२० पर्यंत खाली येतो आणि चुका दुरुस्त करणाऱ्या एलडीपीसी कोडमुळे रिसीव्हर अतिशय नॉईजमध्येही चालवायचा असतो. गार्डनर चालतो, पण अरुंद लूपवर. सिम्बॉलचा निर्णय घेऊन त्यावर चूक काढणारे म्युलर आणि म्युलर यांच्या १९७६ च्या पद्धतीसारखे डिटेक्टर तिथे अडखळतात, कारण निर्णयच चुकतात. फ्रेमची सुरुवात बाइटवरून नाही, तर ९० सिम्बॉलच्या हेडरवरून कळते. त्यातले पहिले २६ सिम्बॉल ठरलेले असतात. कॅरिअर लॉक नसताना ते शोधायचे असतील, तर लागोपाठच्या सिम्बॉलांमधल्या फेजच्या फरकावर कोरिलेशन (ठरलेली मालिका किती जुळते त्याचं मोजमाप) करा.

एटीएससीची ८-व्हीएसबी पद्धत वेगळ्या वाटेने जाते. सिम्बॉल रेट सेकंदाला सुमारे १ कोटी ७.६ लाख, रोल-ऑफ ०.११५२, म्हणजे गार्डनरसाठी खूण फारच फिकट. त्याची भरपाई म्हणून ८३२ सिम्बॉलच्या प्रत्येक सेगमेंटच्या सुरुवातीला चार ठरलेले सिम्बॉल असतात: +५, −५, −५, +५. ८३२ खण करा, प्रत्येक सिम्बॉलला ‘अधिक, उणे, उणे, अधिक’ हा चिन्हांचा क्रम जुळला की त्या खणात भर घाला, नाही जुळला की थोडी वजावट करा. खरी जागा काही सेगमेंटांत वर येते, योगायोगाच्या जागा खाली जातात. सेगमेंट ७७.३ मायक्रोसेकंदांचा असल्याने वाट फार पाहावी लागत नाही. मग टायमिंगची चूक फक्त त्या चार सिम्बॉलांपाशी, शिखराच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कोरिलेशनच्या फरकावरून काढायची. लूपला ८३२ सिम्बॉलांतून एकदाच खबर मिळते. २० पीपीएमला तेवढ्यात सरकतं ते सिम्बॉलच्या साठाव्या भागाइतकंच, म्हणून चालून जातं. त्याच्या वर ३१३ सेगमेंटांचं फील्ड, आणि त्याचा पहिला सेगमेंट पूर्ण सिंकसाठी, त्यात ५११ सिम्बॉलांची ठरलेली मालिका. सेगमेंट लॉक झाल्याशिवाय ती शोधायला जाऊ नका.

डीव्हीबी-टी ओएफडीएमवर, म्हणजे अनेक कॅरिअर एकदम वापरण्याच्या पद्धतीवर, चालतं, आणि तिथे सिम्बॉल म्हणजे २के मोडमध्ये २२४ मायक्रोसेकंदांचा अख्खा तुकडा, अधिक त्याच्याच शेपटीची पुढे लावलेली नक्कल. ती नक्कल आणि मूळ यांच्या कोरिलेशनवरून सुरुवात ढोबळ मानाने सापडते. थोडी चूक राहिली तर ती कॅरिअरांवर फेजचा उतार होऊन दिसते आणि पायलट, म्हणजे ठरलेल्या किमतींचे कॅरिअर, ती दुरुस्त करतात. घड्याळाचा फरक मात्र पायलटांच्याच फेजवरून सतत मोजत राहावा लागतो. गार्डनर तिथे न्यायचाच नाही. इंटरपोलेटर आणि लूप फिल्टर हे दोन तुकडे तेवढे जसेच्या तसे उचलून नेता येतात.